कोपीत चारच पांडव

अन्याय झाला तो काशव्वावर. गेल्या वर्षी, येळवसेच्या आधीच्या मंगळवारी, सकाळी साडेदहा ते अकराच्या दरम्यान. वेळ एवढी नेमकी सांगता येते, कारण साडेदहाच्या एसटीने काशव्वा ऑपरेशन झालेल्या डोळ्याची पट्टी काढायला सोलापूरला गेली आणि अकराच्या आत तिच्या रानातला दगड ट्रॅक्टरच्या लोडरमध्ये आडवा पडून गावाकडे निघाला होता. तिला कुणी विचारलं नव्हतं. दुपार कलल्यावर ती परत आली, थेट रानात गेली, आणि नव्या डोळ्याने तिने पहिल्यांदा काय पाहिलं तर खड्डा.

आता पुन्हा ज्वारी कमरेला आली आहे. म्हणून हे लिहायला बसले.

आमचं हिरेकवठं दक्षिण सोलापुरात, सीनेच्या अलीकडे. काळी जमीन. पावसावर आम्ही फार जीव टाकत नाही. आला तर आला. आमचा हंगाम थंडीतला. रब्बीची ज्वारी दवावर वाढते. मार्गशीर्ष सरत आला की सकाळी रानात जाऊन बघा. गुडघ्यापर्यंत कपडे भिजतात. ज्वारीच्या पानाची कड हाताला करवतीसारखी लागते. हरभऱ्यातून चालत गेलं की त्याची आंब बोटांना चिकटते. बोट चाटलं की तोंड वाकडं होतं, तरी दुसरं बोट चाटल्याशिवाय राहवत नाही. जमिनीला नुकत्या भेगा पडायला लागलेल्या असतात, आणि वाकून तोंड जवळ नेलं तर त्या भेगेतून ओल्या मातीचा गार वास येतो. हा वास माझ्या डोक्यात येळवसेचा वास म्हणून बसलाय.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. पंचांगात काहीही नाव असो, आमच्याकडे येळवसच. त्या दिवशी अख्खं गाव रानात असतं. बाई डोक्यावर आंबिलाची बिंदगी घेऊन पुढे, मागे भज्जीची पातेली, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. त्या हंगामात रानात जे जे हिरवं आणि शेंगेतलं मिळेल ते सगळं एका पातेल्यात. रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधायची, आत पाच दगड मांडायचे, त्यांना चुना लावायचा, वर कावेचे तांबडे ठिपके. हे पाच पांडव. त्यांना नैवेद्य दाखवायचा आणि मग रानभर आंबील शिंपडत एक ओळ म्हणत फिरायचं. ती ओळ अर्धी कानडी, अर्धी मराठी; अर्थ विचारला तर सांगणारा एकजण नाही, पण चुकली तर दुरुस्त करणारे पन्नास. रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवायचं. त्या दिवशी आमच्या गावात चोर शिरला तर त्यालाही बिचाऱ्याला एकटं वाटेल, असं नागेश म्हणतो.

नागेश माझा शाळेपासूनचा मित्र. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. मी पत्रकं लिहिते. एसटीचा थांबा, टँकरची पाळी, रेशन दुकानाची वेळ, जे विषय येतील ते. मी मजकूर लिहायचा, नागेशने दुकानातल्या प्रिंटरवर काढायचा, दोघांनी वाटायचा. पत्रकाची एक रीत असते. वर अन्याय, मध्ये जबाबदार कोण, खाली मागण्या. शब्द जितका टोकदार तितकं पत्रक चांगलं, असं मी समजत होते. माझ्या या समजुतीने काय केलं ते पुढे येईलच.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या हंगामात मला दगडांचं वेड लागलं. सोलापुरात दोन दिवसांचं एक शिबिर झालं होतं, जुने दगड कसे ओळखायचे, कशी नोंद करायची. तिथून परतले ती डोळे बदलूनच. सव्वीस वर्षं ज्या गावात काढली ते मी पाहिलंच नव्हतं. हापशाखाली बाया ज्यावर धुणं आपटतात तो दगड देवळाच्या खांबाचा वरचा भाग होता. उलटा घातल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शाळेची तिसरी पायरी वीरगळ निघाली. त्यातला लढणारा माणूस आमच्या सगळ्यांच्या चपलांखाली झिजून गुळगुळीत झाला होता, फक्त त्याची ढाल अजून हाताला लागत होती. मीही त्याच्यावरून सात वर्षं उड्या मारत गेले होते. महादेवाच्या देवळामागची बारव प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी अर्धी भरलेली. आणि गावाच्या उत्तरेला जी पांढर आहे, म्हणजे जुनं गाव जिथं होतं तो पांढऱ्या मातीचा उंचवटा, तो तर आम्ही खाऊनच टाकलाय. माळवदाच्या घरांवर टाकायला पूर्वी लोक पाटीपाटीने ती माती आणायचे, तोवर ठीक होतं. आता जेसीबी लावून रस्त्याच्या भरावाला नेतात. त्या मातीत खापरं, शंखाच्या बांगडीचे तुकडे, कधी एखादा मणी. सगळं डांबराखाली.

चीड आली. यायलाच पाहिजे. कुठल्या तरी लांबच्या किल्ल्यासाठी आमचे लोक कपाळाला भगवं लावून गाड्या काढतात आणि घरची बारव कचऱ्याने भरतात. हे मी तेव्हा म्हटलं, आजही म्हणते.

तर त्या हंगामात मी आणि नागेश रानोरान फिरत होतो आणि मला एक गंमत कळली. घरोघरच्या पांडवांत जुने दगड होते. कुणाचा नकुल देवळाच्या शिखराचा तुकडा, कुणाचा अर्जुन म्हणजे मूर्तीचं मोडकं आसन. पिढ्यान्‌पिढ्या ते दगड कोठीत नाहीतर बांधावर ठेवतात आणि येळवसेला चुना लावून मांडतात. बाकीचे चार कुठून तरी उचललेले धोंडे असले तरी चालतं, पण एकदा पांडव झालेला दगड बदलत नाहीत. वाटणी झाली तर भांडी वाटतात, बैल वाटतात, पांडव थोरल्याकडे राहतात.

काशव्वाचं मात्र वेगळं होतं. तिच्या ओढ्याकडच्या पट्टीत, अगदी बांधाच्या कोपऱ्यावर, छातीइतका उंच दगड जमिनीत उभा होता. तो हलत नाही म्हणून तिच्या घरची कोप दर वर्षी त्याच्याभोवतीच बांधायचे. तो भीम. त्याच्या पायाशी बाकीचे चार. एवढ्या वर्षांचा चुना एकावर एक बसून तो दगड असा दिसायचा की कुणीतरी दहीभाताचा मोठा ढेकूळ उभा करून ठेवलाय. वरच्या बाजूला चुन्याखालून थोडी उठलेली चंद्रकोर दिसायची. काशव्वा तिला "भीमाचं कुंकू" म्हणायची.

काशव्वा साठीच्या पुढची. मुलगा पुण्यात कंपनीत, सून तिकडेच. पट्टी ती स्वतः करते. बोलणं मराठी, शिव्या कानडी.

"काशव्वा, ह्यावरचा चुना धुऊ का? खाली काहीतरी कोरलेलं असणार," मी विचारलं.

"धू की," ती म्हणाली. "येळवशीला परत लावायचाच हाय. तुला धुवायचा सोस आला आसंल तर माजी भांडी बी पडल्यात तितं."

आम्ही त्याला धुतलं. कशाने, ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. संडास साफ करायच्या ॲसिडने. नागेशनेच दुकानासमोरून आणलं. दगडावर ओतलं की भसभस फेस यायचा आणि आम्ही दोघं टाळ्या वाजवायचो. संध्याकाळपर्यंत काळा पाषाण उघडा पडला. वर चंद्र आणि सूर्य, त्याखाली गाय-वासरू, आणि त्याखाली अक्षरं. गोल गोल, कानडी वळणाची, ओळीमागून ओळी, काल कोरल्यासारखी. मावळतीचं ऊन तिरकं पडलं होतं आणि प्रत्येक अक्षराच्या पोटात सावली भरली होती. मी त्या दिवशी ज्वारीत उभी राहून रडले. नागेश म्हणाला, "ॲसिड गेलं का डोळ्यात?"

काशव्वा लांबून बघत होती. जवळ आली, गाईवर हात ठेवला. "ही व्हय," म्हणाली. "माज्या सासूला ठावं व्हतं. ती म्हनायची, भीमाच्या पोटात गाय हाय. मला वाटायचं म्हातारी चळलीया."

फोटो घेऊन मी अक्कलकोटला गेले, चनबसप्पा सरांकडे. सर कानडी शाळेतून निवृत्त झालेले. जुनी कानडी अक्षरं वाचतात. त्यांनी मोबाइल नाकाजवळ धरून तासभर वाचलं. देवाच्या दिव्याला तेल मिळावं म्हणून जमीन दिली, असं वर लिहिलंय. कोणत्या देवाच्या ते झिजलंय. मग जमिनीच्या चार सीमा. पूर्वेला ओढा. दक्षिणेला वाट. आणि पश्चिमेची सीमा म्हणजे "हा दगड". तिथं जमीन लागत होती. खालच्या ओळी मातीत होत्या.

"खाली काय असेल सर?"

"मोडणाऱ्याला शाप असतोय बहुतेक. आणि नशीब असलं तर शेवटी कोरणाऱ्याचं नाव. खणून बघायला पाहिजे. पण आत्ता नको. उभ्या पिकात कुठं खणतीस? ज्वारी काढू दे, मग ये." मग चष्मा काढून म्हणाले, "धुतलंस कशानं?"

मी सांगितलं. सरांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "इतकी वर्षं चुन्यानं अक्षरं राखली, बाई. आणि तू ॲसिड ओतलंस."

शिबिरात सगळं शिकवलं होतं. हे एक कुणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं तेव्हा मी बाहेर चहा पीत होते. काशव्वाच्या घरातल्या बायका घायपाताच्या कुंच्याने दर साल जे करत आल्या त्याला मी अडाणीपणा समजले होते. तो त्या दगडाचा पावसाळी कोट होता. त्या वर्षी येळवसेला काशव्वाने पुन्हा चुना लावला तेव्हा माझा जीव खाली पडला. आंबील प्यायले. दगडाला पाठ टेकून बसले. ऊन पाठीवर आणि दगड गार. खूप वर्षांत इतकं चांगलं जेवले नव्हते.

इथं थांबले असते तर हा लेख सणाचा झाला असता.

पण मी पत्रकवाली. तो फोटो मी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: "आपल्या गावाचा शेकडो वर्षांचा अमूल्य ठेवा रानात बेवारस पडून आहे. गावाला लाज वाटत नाही का?"

पुन्हा वाचा ते वाक्य. चुना लावलेला, नैवेद्य दाखवलेला, बाजूला चार भाऊ बसवलेला दगड. बेवारस. हा शब्द मी लिहिला, कारण तो टोकदार होता. आणि गावाला लाज वाटली. दुर्दैवाने खरोखर वाटली.

ज्वारी निघाली तेव्हा खणायला जायचं होतं. तेव्हा मी टँकरच्या आंदोलनात होते. मग पाऊस. मग पेरणी. वर्ष असं गेलं. तोवर गावात कमानीचं काम निघालं. स्वागत कमान, तिच्याभोवती फरशी, हिरवळ, रंगीत दिवे. सुशोभीकरण समिती झाली. तिचे अध्यक्ष मल्लिनाथअण्णा. अण्णा वाईट माणूस नाही. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. त्यांनी मला बोलावून घेतलं. माझी ती पोस्ट त्यांनी जपून ठेवली होती, वर्षभर.

"ताई, तुमी म्हनला ते काळजाला लागलं बगा," ते म्हणाले. "ठेवा कमानीजवळ मांडू. सगळं जग बगंल."

मी हो म्हटलं. काशव्वाला विचारलंय का, हे मी विचारलं नाही. मला वाटलं विचारलं असेल. खरं तर मला तसं काही वाटलंच नव्हतं. तो प्रश्नच माझ्या डोक्यात आला नाही. त्या मंगळवारी अकरा वाजून गेल्यावर लोडर कमानीपाशी आला तेव्हा मी तिथं होते. नारळ माझ्या हातात दिला. मी फोडला.

दगड उभा करायला खड्डा लोडरच्या मापाने केला होता, जास्तच खोल. दगड आत गेला आणि वरून काँक्रीट ओतलं. जमिनीच्या वर राहिले चंद्र, सूर्य, गाय आणि अक्षरांच्या दोनतीन ओळी. सीमा सांगणाऱ्या ओळी काँक्रीटमध्ये. मातीतल्या ओळी, ज्या कुणीच अजून वाचल्या नव्हत्या, त्याही काँक्रीटमध्ये. दोन दिवसांनी समितीने उरलेल्यावर ऑइलपेंट मारला. पाषाण काळा, अक्षरं सोनेरी. रंगाऱ्याला कानडी येत नव्हतं. त्याला जिथं खळगा दिसला तिथं त्याने सोनेरी भरलं. बाजूला संगमरवराची पाटी, तीवर देणगीदारांची आणि समितीच्या सगळ्यांची नावं. कोरणाऱ्याचं नाव असलंच तर ते खाली, सिमेंट खात.

काशव्वा अण्णाकडे गेली नाही. ती माझ्याकडे आली. उंबऱ्यावरच बसली, आत या म्हटलं तरी आली नाही. डोळ्याला काळा चष्मा.

"तू लिवलंस म्हनं."

"हो."

"काय लिवलंस त्ये वाच."

मी वाचलं. कशाला वाचलं माहीत नाही. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

"बेवारस म्हंजी ज्येला कुनी न्हाय त्यो, व्हय की?"

"हो."

"मग मी मेलेवते व्हय?"

यावर पत्रक लिहिता येत नाही.

गेल्या येळवसेला तिने कोप बांधली. मी गेले होते, न बोलावता. खड्डा तिने बुजवला नव्हता. त्याच्याभोवतीच पेंढ्या उभ्या केल्या होत्या, आणि कडेला चार दगड चुना लावून मांडले होते. मध्ये जागा मोकळी. मी म्हटलं, "काशव्वा, पाचवा एखादा तात्पुरता ठेवायचा ना." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिच्या माणसाच्या जागी दुसरा आणून बसवा म्हटलंय. नैवेद्य पाच ठिकाणी ठेवला. पाचवा खड्ड्यात. बाजूच्या रानातून मुलांचा, वहिन्यांचा आवाज येत होता, आंबील शिंपडत ती ओळ म्हणत सगळे फिरत होते. लोडरच्या चाकांनी ज्वारीच्या चार ओळी आडव्या केल्या होत्या, त्या अजून तशाच पडलेल्या. काशव्वा त्या वाटेने आंबील शिंपडत गेली नाही.

यंदा त्या कोपऱ्याचं काय झालंय तेही सांगते. शेजारच्या रानवाल्याने पेरताना बांधावरून तिफण दोन तासं, म्हणजे पेरणीच्या दोन ओळी, आत घातली. त्याला विचारलं तर म्हणतो, "बांद कुटं हाय त्ये दाखवा की. दगड व्हता तवर कळत व्हतं." चनबसप्पा सरांना हे सांगितलं तर ते हसले, पण बरं वाटून हसले नाहीत. कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी दगडावर लिहून ठेवलं होतं की सीमा म्हणजे हा दगड. ते खरं होतं. परवापरवापर्यंत चालू होतं. आम्ही त्याचा वारसा वाचवला आणि ते बंद पडलं.

दगड जागेवर असतो तेव्हा त्याला पूर्व असते, ओढा असतो, वाट असते. कमानीपाशी तो रस्त्याकडे तोंड करून उभा आहे आणि येणारी-जाणारी माणसं त्याच्याशेजारी मोटारसायकल लावून फोटो काढतात. कुणाला काही कळत नाही, त्यालाही नाही. "मग ताई, हापशाखालचं धुणं बी चालू द्यायचं का?" नागेशने मला टोमणा मारला. "वापर म्हंजी जपनूक म्हनतीस तर सोडा-साबन बी जपनूकच की." मला याचं नीट उत्तर अजून सापडलेलं नाही. धुण्याने खांबाची नक्षी जाते, हे दिसतंय. पण तो दगड हलवायचा असेल तर आधी धुणाऱ्या बायांना विचारायचं आणि त्यांना दुसरा चांगला दगड आणून द्यायचा, एवढं मला आता कळतं. आम्ही विचारलं. त्यांनी नवा दगड मागितला, जरा उतरता, म्हणजे पाणी पायावर येणार नाही. बसवला. नक्षीचा दगड देवळात गेला, जिथून तो आला होता. तीन दिवसांचं काम. त्याची पाटी कुणी लावली नाही.

काशव्वाचं प्रकरण मात्र ग्रामसभेपर्यंत न्यावं लागलं. मी पत्रक काढलं नाही. ती स्वतः बोलली.

अण्णा म्हणाले, "काशव्वा, तुजा दगड आता साऱ्या गावाचा झालाय. मान वाढला की त्याचा."

"मान तुज्या कमानीचा वाढला," काशव्वा म्हणाली. "त्यो हुबा हाय पंक्चरच्या दुकानाकडं तोंड करून. माज्या रानात पूर्वेला तोंड व्हतं."

"आगं पन तू भीम म्हनतीस, आन सर म्हनत्यात त्यो दानाचा दगड हाय. भीम न्हाईच त्यो!"

"तुजं नाव मल्लिनाथ. गाव तुला अन्ना म्हनतंय. मग तू कोन न्हाईस?"

सभा हसली. अण्णाही हसले, आणि हसल्यावर माणसाला नाही म्हणायला जड जातं. "न्या," ते म्हणाले. "ठराव लिवा. पन समितीचा लोडर मिळायचा न्हाय. न्यायचा तर हातानं न्या."

"लोडर मागितला कुनी?" काशव्वा म्हणाली. "उब्या ज्वारीत लोडर घालाया मी खुळी न्हाय."

ठराव झालाय, सही-शिक्क्याचा. म्हणजे आता अडवणारं कुणी नाही. उचलणारंही कुणी नाही, हा खरा प्रश्न आहे. येळवसेला प्रत्येकजण आपापल्या रानात असतो. आदल्या दिवशी घरोघर भाजी निवडणं, शेंगा सोलणं, उंडे. आम्ही सध्या सहाजण आहोत, त्यात एक काशव्वा आणि एक चनबसप्पा सर, ज्यांना डॉक्टरांनी बादली उचलायलाही मनाई केलीय. काँक्रीट फोडायला गावातला एक पाथरवट तयार आहे. सरांनी त्याला बजावलंय की छिन्नी अक्षरापासून चार बोटं लांब. तो म्हणाला, "सर, ह्ये आमच्याच मानसानं कोरलेलं हाय. मला नगा शिकवू." खालची शेवटची ओळ उघडी पडली की सर वाचणार आहेत. नाव असेल किंवा नसेल. ऑइलपेंट कसा काढायचा ते या वेळी आधी विचारून घेतलंय. ॲसिड नाही.

मग दगड वाशांना बांधून बांधावरून न्यायचा. कमानीपासून ओढ्याकडच्या पट्टीपर्यंत पायी पाऊण तास. दगड घेऊन किती लागेल सांगता येत नाही. ज्वारीचं एक ताट मोडता कामा नये, ही काशव्वाची अट आहे. लहान खांदे, मोठे खांदे, दोन्ही लागतील.

तुम्ही हे वाचताय, म्हणजे तुम्हाला जुन्या गोष्टींचं काहीतरी वाटतं. तर आधी आपल्या गावात बघा. कमानीशी, पंचायतीसमोर, देवळाच्या नव्या फरशीत एखादा रंगवलेला दगड उभा असेलच. तो कुणाच्या रानातून आणला, ते विचारा. "गावाचा आहे" हे उत्तर ऐकून घेऊ नका, नाव विचारा. त्या माणसाला विचारलं होतं का, ते त्याच माणसाला जाऊन विचारा.

आणि ज्यांना जमेल त्यांनी येळवसेच्या आदल्या दिवशी सकाळी सात वाजता हिरेकवठ्याच्या कमानीपाशी या. सही नको, देणगी नको, पोस्ट तर अजिबात नको. वासे आणि दोर आमच्याकडे आहेत. खांदे कमी आहेत, ते आणा. चुना काशव्वाने कालच भिजत घातलाय.